मधल्या नळीचा आकडा

मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते म्हटलं की लोकांना दुर्बिणी आठवतात. माझा विषय माती. उतारावरचे मातीचे कण एकमेकांना धरून कसे बसतात आणि आत पाणी भरलं की त्यांची पकड नेमकी केव्हा सुटते, ते मी शोधत होते. प्रयोगशाळेत काचेच्या मण्यांवर जमलेलं गणित खऱ्या डोंगरावर टिकतं का, हे बघायला मी माझ्याच जिल्ह्यात परतले. रत्नागिरीपासून दीड तास आत, सड्याखालच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराखालच्या, उतारावर एक वाडी होती. तिथल्या काजूच्या बागेत मी तीन नळ्या पुरल्या. जांभ्याखाली चिकणमाती असते. तिच्यावर साचणाऱ्या पाण्याचा दाब त्या मोजायच्या.

बाग ज्यांची, ते काका मुंबईत छापखान्यात उमेदीची वर्षं घालवून गावी आलेले. रोज सकाळी वर चढून तिन्ही आकडे वहीत लिहायचे आणि मला फोन करायचे. काकी म्हणायच्या, "तुझ्या नळ्या आल्या नि ह्यांना परत ड्युटी लागली." मला जेवल्याशिवाय त्यांनी कधी सोडलं नाही.

त्या पावसाळ्यात मधल्या नळीने दोनदा दगा दिला. आकडा एकदम चढला, मी धावत गेले, दोन्ही वेळा आत गाळ अडकलेला निघाला.

तिसऱ्या वेळी मी पुण्यात होते. नव्या संशोधकांची परिषद होती. कुणी ताऱ्यांची थरथर मोजत होतं, कुणी अतिथंड केलेले अणू पकडून ठेवत होतं, एक मुलगी जिवंत पेशी सरकताना किती जोर लावते ते दाखवत होती. मी माझ्या पोस्टरपाशी एका ज्येष्ठ प्राध्यापकांना समीकरण समजावत होते, तेवढ्यात काकांचा फोन आला.

"बाय, मधल्या नळीचा आकडा लय वर गेलाय गो. काय करू?"

"बाकीच्या दोन?"

"तिकडं अजून गेलो नाय. पाऊस थांबत नाय."

प्राध्यापक वाट बघत होते. मी म्हटलं, "परत गाळच असेल, काका. बाकीच्या दोन बघून मग सांगा."

वाडी खाली उतरवा, असं मी म्हटलं नाही.

काका वर गेले. दोन्ही नळ्यांचे आकडे चढलेले होते. त्यांनी ते लिहून घेतले. वर फोन लागत नसे, म्हणून ते परत फिरले, आणि ते होते त्याच्या खालच्या अंगाला उतार सुटला. त्यांचं घर गेलं, गोठा गेला. काकी गुरं सोडायला गोठ्यात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या ढिगाऱ्याखाली सापडल्या. मी पोहोचले तेव्हा काका शाळेच्या पडवीत बसले होते. सदऱ्यातून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढून माझ्या हातात दिली.

"आकडा खरा होता ना?"

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्यांनी मान हलवली. "मी हाक मारली तिला. पावसात ऐकू गेली नसेल."

जे बोलायला हवं होतं ते बोलायला मला महिना लागला. तोवर ते लेकीकडे राहायला गेले होते. मी म्हटलं, "मी तुम्हाला वर पाठवायला नको होतं. आधी सगळ्यांना बाहेर काढा म्हणायला हवं होतं."

ते म्हणाले, "वर गेलो म्हणून मी राहिलो. ते मी कुणाला सांगू?"

माझे मार्गदर्शक म्हणाले, "उतार सुटण्याआधीचे इतके जवळचे आकडे सहसा कुणाला मिळत नाहीत. लिही." मी लिहिलं. शोधनिबंध तपासणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, मधल्या नळीचा आकडा यंत्राचा दोष असू शकेल का? मी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. निबंध छापून आला, मला पदवी मिळाली.

आता मी रत्नागिरीत एका कॉलेजात तात्पुरती शिकवते. दुसऱ्या एका वाडीवर नळ्या पुरल्या आहेत. तिथे नियम माझा आहे: एक जरी आकडा धोक्याच्या रेषेच्या वर गेला तरी माणसं आधी खाली उतरतील, तपासणी नंतर. गेल्या पावसात लोक दोनदा म्हाताऱ्यांना उचलून शाळेत आले. दोन्ही वेळा काही झालं नाही. दुसऱ्या वेळी अंथरुणाला खिळलेल्या सासूला आणणारी बाई मला म्हणाली, "ताय, अजून किती वेळा?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

यंदा आकडा पुन्हा चढला. अर्धीच घरं खाली आली. उरलेल्यांची दारं मी एकेक करून वाजवली. त्या बाईने दार अर्धवट उघडलं, म्हणाली, "आम्ही हितंच बरे आहोत," आणि लावून घेतलं. उतार जागचा हलला नाही. सकाळी शाळेतून परत निघालेल्या लोकांपैकी कुणी माझ्याशी बोललं नाही.