पितळेचं बूच

आज गाडीत ब्रेक ऑईल ओतताना तो उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट लहानपणीच्या त्या रिछाईच्या गॅरेजात, बाबांशेजारी जाऊन उभी राहिले.

रामटेकेकाका बाबांचे फॅक्टरीतले जिवलग मित्र. त्यांच्याकडून घेतलेली जुनी जीप ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. “सवय होऊन जाईन,” काका म्हणाले होते. त्याच जीपमधून आम्ही पनागरला निघालो, तेव्हा मला उचलून सीटवर त्यांनीच बसवलं होतं.

पुढे बाबांनी जीप गॅरेजात नेली, तेव्हा मिस्त्रीनं मागचं उजवं चाक उघडलं. “लीक था, तो किसी ने लाइन ही बंद कर दी. इस पहिये में ब्रेक है ही नहीं, साहब.” पाइपात बसवलेलं पितळेचं बूच त्यानं बाबांच्या तळहातावर ठेवलं.

बूच चकचकीत होतं, कडेला तीन बारीक रेघा. काकांनी लेथवर बनवून दिलेल्या माझ्या भोवऱ्यावरही तशाच होत्या. बाबांनीही त्या ओळखल्या. “काहून केलं असं त्यानं?” एवढंच म्हणाले.

पाइप घाईघाईत ठोकून बंद केला असता, तर मी काकांना केव्हाच माफ केलं असतं. पण त्यांनी ते बूच सावकाश घडवलं, घासून चमकवलं, आणि वर रेघासुद्धा ओढल्या.