कपाटाखालचे दिवे

बायको गेल्यानंतर दीड महिन्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाखालचा हॅलोजनचा एक बल्ब उडाला. दुकानात गेलो. एका हातात हॅलोजन, दुसऱ्यात एलईडी घेऊन बराच वेळ उभा राहिलो. काहीच सुचत नव्हतं, म्हणून खोक्यांवरचं सगळं वाचून काढलं. एलईडी वीज कमी खातो, तापत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. आयुष्यभर इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला यात विचार कसला करायचाय? सहाच्या सहा बल्ब बदलून टाकले.

न्यू जर्सीच्या हिवाळ्यात ती हे दिवे दिवसभर चालू ठेवायची. त्यावरून मी किती वेळा खेकसलो असेन. "राहू द्या हो," एवढंच म्हणायची. का, ते मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर मात्र मीही ते बंद करत नव्हतो.

तिने लावलेल्या शेवटच्या दह्याचं विरजण घेऊन मी सुरुवात केली होती; मग रोज आदल्या दिवशीच्या दह्यातलं चमचाभर घेऊन नवं दही लावत होतो. त्या दिवशीही लावलं. वाटीत चमचाभरच उरलं होतं, ते सगळं त्यात गेलं. पातेलं तिच्या ठरलेल्या जागी, दिव्यांच्या वरच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दुपारीही दूध पातळच होतं, वर वास यायला लागलेला. खणाच्या तळाला हात लावला. गार. जुन्या दिव्यांनी तो खण उबदार राहायचा, हे तेव्हा कळलं.

मुलीला फोनवर सांगितलं. "बाबा, जस्ट बाय सम यॉगर्ट," ती म्हणाली. मी बरं म्हणालो.

दूध सिंकमध्ये ओतलं, पातेलं घासलं. मग सहाही दिवे लावले आणि दिवसभर बंद केले नाहीत.