आगबोटीतल्या खुर्च्या

पास्कलकाका गेल्याचा मेसेज त्यांच्या पुतणीनं, रीनानं, वसईहून पाठवला तेव्हा मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये कुरियरवाल्याशी हुज्जत घालत होते. ‘काका सकाळी गेले. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं त्यांनी.’ मी फोन पालथा ठेवला आणि भांडण पुरं केलं. या गोष्टीला आता दीड महिना झाला, पण स्वतःवरचा तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

आमची कंपनी जहाजांची मॉडेल्स बनवते. शिपिंगच्या ऑफिसांत काचेच्या पेटीत ठेवलेली असतात ना, ती. पास्कलकाका तिथले सगळ्यात जुने कारागीर, एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसलेले. मी त्यांची मॅनेजर. वयानं निम्मी, आवाजानं दुप्पट. गेल्या वर्षी अबुधाबीतल्या एका लाटव्हियन व्यापाऱ्यानं ‘सारातोव’ नावाच्या जुन्या आगबोटीची ऑर्डर दिली. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा देश स्वातंत्र्यासाठी झगडत असताना तिथलं सरकार उलथवलं गेलं, आणि उरलेल्या मंत्र्यांनी या बोटीवर आसरा घेतला. काही महिने सरकार म्हणजे बंदरातली ही बोट! मी हे काकांना कौतुकानं सांगितलं. त्यांनी ड्रॉइंग स्वतःकडे ओढलं.

“समोर आपलाच किनारा आणि उतरता येत नाही... कैसा लगता होगा, मॅडम?”

मॉडेल आतून पोकळ असतं. वर डेक चिकटवला की खलास. पण काका आत केबिनी करायला बसले. काडीएवढ्या पायांची टेबलं, नखाएवढ्या खुर्च्या, प्रत्येक केबिनला दिवा. मी वैतागले. “काका, हे बघणार कोण? डेडलाइन आहे!” ते मान वर न करता म्हणाले, “अख्खं सरकार आत राहिलंय. त्यांना उभं ठेवू काय?”

त्याच आठवड्यात एचआरनं मला सांगितलं की वय झाल्यामुळे काकांचा व्हिसा रिन्यू होणार नाही, पण बोट हातावेगळी होईपर्यंत बोलायचं नाही. आमच्याकडे अशीच रीत आहे. माणसाला कळलं की त्याचा हात थांबतो, म्हणून आधी काम काढून घ्यायचं. याआधी दोघातिघांच्या बाबतीत मी ती बिनबोभाट पाळली होती. काकांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, वसईचं घर भावाच्या संसारानं भरलेलं. “तिथे मी पाहुणाच,” असं ते हसून म्हणत. त्यांना आणखी दोन वर्षं इथे हवी होती, बस. रोज चहाच्या वेळी विचारत, “मॅडम, माझ्या रिन्यूअलचं काही?” आणि मी रोज म्हणे, “बघते ना काका. आधी बोट होऊ दे.” त्यांनी बोट दोन दिवस आधीच पुरी केली.

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते... पण डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी एचआरचा मेल माझ्या आधी पोचला. काका माझ्या केबिनच्या काचेबाहेर येऊन उभे राहिले. मी फोन कानाला लावला आणि पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं. फोनवर पलीकडे कोणी नव्हतं. ते थांबले, चांगली पंधरा-वीस मिनिटं थांबले, आणि मग गेले. निरोप घ्यायला ते आले तेव्हा मी मुद्दाम साइटवर होते. याला भेकडपणा म्हणतात. दुसरा शब्द मी शोधून पाहिला, सापडला नाही.

परवा त्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात मॉडेलची वायर सैल झाली म्हणून जाणं झालं. दुरुस्तीनंतर त्यानं दिवे लावले आणि मला वाकून बोटीच्या खिडकीला डोळा लावायला लावला. आत टेबलाभोवती खुर्च्या मांडलेल्या होत्या, अंग चोरून बसावं इतक्या जवळजवळ. एक खुर्ची जरा मागे सरकवलेली, जणू कोणी नुकतंच उठून गेलंय. तो खुश होता. माझ्याच्यानं तिथे थांबवेना.

खाली गाडीत बसून मी रीनाला फोन लावला. माफी मागायची होती, पण कशी सुरू करायची ते कळेना. तीच बोलत राहिली. “मॅडम, एक सांगू? काका इथे आले ना, तेव्हा तुमचंच सांगायचे सगळ्यांना. चर्चच्या पॅरिशमधल्या लोकांनासुद्धा. म्हणायचे, आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, आणि स्वतः सांगितलं. रडल्या म्हणे तुम्ही. म्हणायचे, गल्फमध्ये इतक्या इज्जतीत कोण कोणाला निरोप देतं!”



“खरंच रडलात?” तिनं विचारलं.

मी “हो” म्हटलं.