मोज्यांचं वजन

साठीला टेकलेल्या माणसाने काय काय करू नये, याची आमच्या डिचोलीत तयार यादी आहे. कयाकमधून मासे पकडणं त्या यादीत नाही, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. त्या त्रुटीचा मी फायदा घेतला. किनाऱ्यावरचा एकजण पर्यटकांचा धंदा आवरून गावी चालला होता, त्याची जुनी नारिंगी कयाक मी उचलली आणि पेडण्याला, बायकोच्या माहेरी, शापोरा नदीच्या काठावर नेऊन ठेवली. माझा मेव्हणा त्या नदीतच वाढलेला. त्याने कयाकवर टिचकी मारून बघितलं आणि तिचं नाव ‘बालदी’ ठेवलं. पुढे सगळा वाडा मला ‘बालदीवाले भावोजी’ म्हणू लागला. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण नाव पडतं.

मी सगळी नोकरी पाळीच्या बाजूला एका खाणीच्या प्रयोगशाळेत काढली. खनिजाचा नमुना आणायचा, ओला तोलायचा, भट्टीत सुकवायचा, परत तोलायचा. जो फरक येईल तो ओलावा. बार्जवर चढणाऱ्या मालात पाणी किती, हे माझ्या सहीने ठरायचं. खाण थांबली, सही थांबली, सवय मात्र थांबली नाही. घरी भात जरा मऊ झाला तरी मी ओलाव्याची भाषा करतो. बायको म्हणते, मग भट्टीत घाला.

निवृत्तीनंतर मला नदी मिळाली. तिथे कुणी ‘सध्या काय करता’ असं विचारत नाही. ओहोटीच्या आधी निघायचं, काठावरच्या खाजन शेतांच्या बांधाकडेने गळ टाकत जायचं, आणि भरती फिरली की परत यायचं. बहुतेक वेळा रिकाम्या हाताने. कधीतरी एखादा तांबोसा लागला की मी तो मेव्हण्याच्या अंगणातून जरा सावकाश चालत नेतो. नदी गेली असती तर मी फक्त सकाळी पाव आणायला जाणारा माणूस उरलो असतो, आणि त्याची मला खरोखर भीती वाटत होती.

नदी जाण्याची वेळ आलीच होती. काठावरच्या चिखलाखाली दगड आहेत आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी धारदार. गेल्या वर्षी त्यातल्या एकाने माझी टाच कापली. घरी आलो, तर फरशीवर लाल ठसे. मी बायकोला विचारलं, कुंकू सांडलंय का. तिने ठसे बघितले, मग माझा पाय बघितला आणि मला खुर्चीवर बसवलं. मला शुगर आहे, दहाएक वर्षं झाली. ती जखम भरायला अडीच महिने गेले. म्हापशाच्या डॉक्टरने बजावलं की पाय कोरडे ठेवा, कापू देऊ नका, आणि पायाला कळतंय तोवरच नदीवर जा. ज्या दिवशी कळायचं बंद होईल, त्या दिवशी नदी बंद. हे वाक्य बायकोने कोर्टाच्या हुकमासारखं जपून ठेवलं.

कळतं की, असं मी दोघांनाही सांगितलं. पाय सदा मोजे घातल्यासारखे वाटत होते, पण ते वयामुळे असेल, चपलेमुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. टाच कापलेली कळली नाही त्याचं खापर मी थंड पाण्यावर फोडलं. मे महिन्यात शापोरा नदीचं पाणी किती थंड असतं, हे बायकोला चांगलं माहीत आहे. लहानपणी ओहोटीच्या वेळी ती काकवांबरोबर याच नदीत खुबे, म्हणजे शिंपले, काढायला उतरायची. खुबे डोळ्यांनी दिसत नाहीत. चिखलात पायाच्या बोटांनी चाचपडून ते शोधतात आणि बोटांनीच उचलून हातात देतात. अशा बाईला पायाबद्दल थाप मारणं म्हणजे सोनाराला पितळ विकणं, पण मी ती मारली.

आणि थाप टिकवायला मी वेडर घ्यायचं ठरवलं. वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेली, पाणी न शिरणारी विजार. पाय कोरडे, कालवांची भीती नाही, डॉक्टर खूश, बायको गप्प. सगळं एका कपड्यात.

टिकाऊ माल कसा ओळखायचा? आम्हा खाणपट्ट्यातल्या लोकांचा एकच नियम: जड तो टिकाऊ. गमबूट असो, ताडपत्री असो की ट्रकचा पाटा, उचलून बघायचं, दंड दुखला की घ्यायचं. त्या नियमाने मी इंटरनेटवरचा सर्वांत जड वेडर मागवला. हिरवा, जाड प्लास्टिकचा, गटारात उतरणारे कामगार घालतात तसला. खोका उघडला तेव्हा घरभर टायरच्या दुकानाचा वास सुटला. सकाळी तो घालून बघतोय तोच पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला. काढायला दहा मिनिटं लागली असती, म्हणून तसाच पाव घ्यायला फाटकात गेलो. पोदेराने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अत्यंत आदराने विचारलं की कुठलं गटार तुंबलंय. मी चार उंडे घेतले आणि परत फिरलो.

पुढच्या रविवारी वेडर नदीवर नेला. एप्रिलचं ऊन, आत मी, बाहेर प्लास्टिक. अर्ध्या तासात माझी उकड झाली. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं हे खरं, पण आतलं बाहेरही जात नव्हतं. वळताना कयाक कलंडली. वेडरच्या पायांत हवा कोंडलेली होती, त्यामुळे माझे पाय वर आले आणि डोकं खाली जाऊ लागलं. लाइफ जॅकेट डोकं वर ढकलत होतं, वेडर पाय वर ढकलत होता, आणि मधला मी ओरडत होतो. मेव्हणा चालत आला. पोहत नव्हे, चालत.

“भावोजी,” तो म्हणाला, “उबे रावल्यार पुरो. पाणी कमराक आसा.”

उभा राहिलो. त्या दिवशी मला ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण पहिल्यांदा नीट समजली.

घरी येऊन बूट काढले तर पाय पांढरे, सुरकुतलेले, रात्रभर भिजवलेल्या वालासारखे. बायकोने विचारलं, हे कोरडे पाय? मी म्हटलं, हे पाणी नदीचं नाही, माझं स्वतःचं आहे. तिला हा फरक पटला नाही.

मग मी शास्त्रशुद्ध पद्धतीने लागलो. एक वही केली, तिच्यात रकाने पाडले. निओप्रिनचा, म्हणजे फुगीर रबराचा, वेडर उबदार असतो, म्हणून तो बाद. आपल्याकडे ऊब फुकट मिळते. घाम बाहेर सोडणारं पातळ कापड निवडलं. कयाकमध्ये बसायचं असल्यामुळे छातीपर्यंतचा नको, कमरेपर्यंतचा बरा, आणि कमरेला घट्ट पट्टा, म्हणजे कलंडलो तरी पाणी आत भरणार नाही. गुडघ्यांना आणि बसायच्या जागी दुहेरी कापड. शिवणींवर आतून पट्टी. जोडलेला बूट नको, खाली मऊ मोज्यासारखा पाय आणि वर एक माप मोठा वेगळा बूट. नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा तळवा आपल्या चिखलात काही कामाचा नाही, रबराचा हवा. चौदा रकाने झाले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वही मिळाली की अशीच भरते.

बायकोने वही चाळली आणि एकच विचारलं, की फाटला तर कोण सांधणार. चौदांपैकी एकाही रकान्यात हे नव्हतं. मी पंधरावा पाडला आणि त्या एका रकान्याने अर्धे वेडर उडवले. शेवटी जो घेतला, त्याच्याबरोबर ठिगळ आणि डिंकाची ट्यूब येत होती. पेडण्याच्या पंक्चरवाल्यालाही कापडाचा फोटो दाखवून आलो. तो म्हणाला, चिकटेल, पण माणूस आतून बाहेर काढून आणा.

नवा वेडर छान निघाला. हलका, मऊ, चिखलात पकड घेणारा. आता तो खरोखर पाणी थोपवतो की नाही हे बघायचं होतं, आणि त्याची पद्धत तर मला आयुष्यभर येत होती. निघण्याआधी कोरडे मोजे तोलायचे, आल्यावर परत तोलायचे. चवथीच्या नेवऱ्यांचं सारण मोजायला बायकोने घेतलेला छोटा काटा स्वयंपाकघरात होता. मोजे पिशवीत घालून ठेवत होतो, तरी पहिल्या दिवशी तिने आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवसापासून तिने काट्यावर जुनं वर्तमानपत्र घालून ठेवलं. मी वहीत लिहायचो: डावा अडतीस ग्रॅम, उजवा अडतीस. परतल्यावर डावा त्रेचाळीस, उजवा चव्वेचाळीस. पाच-सहा ग्रॅम म्हणजे घाम. आठ-दहा रविवार असे गेले. खूप दिवसांनी माझ्या हातात परत एक नोंदवही होती, आणि तिच्यातले आकडे मला हवे तसे येत होते. मी खूश होतो, आणि घरात ते सगळ्यांना ऐकावं लागत होतं.

मग एका रविवारी परतून मोजे काट्यावर ठेवले. उजवा त्रेचाळीस, डावा सत्त्याण्णव. मी काटा पुसून परत ठेवला. सत्त्याण्णव. नमुन्यात गडबड सापडली की जो आनंद व्हायचा, तो मला झाला. वेडर पाण्याने भरून मागच्या फणसाला टांगला आणि खाली स्टूल घेऊन बसलो. डाव्या पायाच्या चवड्याखालून पाण्याचा बारीक धागा येत होता. सुई जाईल एवढं भोक. बुटातून आत शिरलेला कालवाचा तुकडा त्यातून जाऊन रुतून बसला होता. मी तो काढून खिशात घातला, आणि पुरावा म्हणून बायकोकडे घेऊन गेलो.

ती आदोळीवर बसून नारळ खवत होती. मी तिला सगळं रीतसर सांगितलं. दोन्ही मोज्यांतला फरक, गळतीची जागा, ठिगळ कसं लावणार. तीन तास नदीत होतो, म्हणजे भोक केव्हा पडलं ते सांगता येत नाही, पण पुढच्या वेळी दर तासाला मोजा काढून तोलला तर तेही कळेल, असंही सुचवलं. माझ्या मते ही फार हुशारीची सूचना होती.

तिचा हात थांबला.

“पाणी भितर आयलें,” ती म्हणाली, “तें तुमकां कळूंक ना?”

मी म्हटलं, म्हणून तर वजन करतो. वाक्य तोंडातून निघालं आणि ते काय आहे, हे मलाच ऐकू आलं. एवढे रविवार मी काट्याला विचारत होतो, माझा पाय ओला आहे का. जगातल्या कुठल्याही माणसाला हे विचारावं लागत नाही. मी घाईने सांगितलं की कापड जाड असतं, त्यात बूट, त्यात मोजा, आणि लक्ष गळाकडे असतं. ती ऐकत होती. मग उठली, हात धुतले, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली पाट घेऊन बसली.

“डोळे धापात,” ती म्हणाली. “खंयच्या बोटाक हात लायला तें सांगात.”

डोळे मिटले. मी जरा घाबरलो होतो, पण परीक्षा द्यायची सवय होती. ती नीटनेटकी बाई आहे, एका टोकाकडूनच सुरुवात करेल, असा मी हिशेब केला. थोड्या वेळाने तिने विचारलं, आता? अंगठा, मी म्हटलं. तिने हुंकार दिला. आता? त्याच्या बाजूचं. परत हुंकार. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम जरा थांबलो, विचार केल्यासारखं केलं आणि मधलं म्हणून सांगितलं. बरोबरच आलं असणार असं वाटलं. नदी वाचली, असंही वाटलं.

“मी अजून हात लावूंक ना,” ती म्हणाली.

तिचा आवाज रागाचा असता तर मला भांडता आलं असतं. तो रागाचा नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. डोळे उघडायचा धीर होईना. मी म्हटलं, मग आता लाव, आता खरं सांगतो. आणि मी सगळं ध्यान पायाकडे लावून वाट बघत बसलो. बाहेर फणसाखाली वेडरमधून पाणी ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं. एवढा वेळ ती का थांबली आहे, ते मला कळेना. मी परत म्हटलं, लाव ना.

“पाय धरला,” ती म्हणाली. “केन्नाचो धरला.”

मी डोळे उघडले. माझ्या डाव्या पायाचा चवडा तिने दोन्ही हातांत घट्ट आवळून धरला होता.