लिफ्टमिस्त्रीचं डोंगरावरचं घर

लिफ्टमिस्त्री माणूस एकदम चोख. एकतीस वर्षं त्यानं लिफ्टचे दोर तपासले, पण वजनाच्या गोण्या भरून वरखाली चालवल्याशिवाय एकही लिफ्ट पास केली नाही. साहेब म्हणायचे, रिकामी चालली ना, कर सही. हा ढिम्म हलायचा नाही.

आणि हाच शहाणा, गुडघे कुरकुरायला लागले म्हणून चौपन्नाव्या वर्षी नोकरी सोडून परदेशातल्या एका डोंगरगावात घर घेऊन बसला. गाव शांत, सगळं इतकं स्वस्त की साठवलेल्या पैशांवर बसून खावं, दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आधी तीनदा जाऊन त्यानं नळ सोडून पाहिले, छपरावर चढला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. तिन्ही वेळा एकटाच. बायकोचं तिकीट वाचलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. इकडचं घर विकूनही टाकलं.

बायकोला घेऊन गेला, तर चौथ्या दिवशी जिना चढताना तिचे ओठ निळे पडले.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. हृदयाची झडप कमजोर आहे, इथली हवा विरळ, आजच्या आज खाली न्या म्हणाली. डोंगरावर जाऊ नका असं तुमच्याकडच्या डॉक्टरांनी बजावलं असेलच की, असंही म्हणाली.

छे, कुणीच काही बोललं नाही, असं तो सांगत होता, तेवढ्यात त्याचं लक्ष बायकोकडे गेलं. नाकाला नळी लावून ती भिंतीकडे बघत होती. तो स्वतःलाच म्हणाला, अरे गाढवा, घर रिकामंच तपासलंस की रे! जिला राहायचं, तिलाच एकदा आणून बघितलं नाहीस.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"दोन वर्षं झाली."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर आला असतात का?"

"वेडी आहेस का? कशाला आलो असतो!"

"मग नोकरीही सोडली नसतीत. गुडघ्यांना फडकी बांधून जात होतात रोज. बघवत नव्हतं मला."

त्याला तिला फाडफाड बोलायचं होतं, पण तेवढ्यात दाराशी रुग्णवाहिका लागली.

"तुम्ही राहा इथं, तुम्हाला मानवतंय," ती धापा टाकत म्हणाली. "तिकडे माझ्या भावाला सांगून ठेवलंय मी. त्यानं माझ्यासाठी खोली रिकामी केलीय."

म्हणजे परत जायचं ठरवूनच ती इथवर आली होती. तो स्ट्रेचरमागोमाग गाडीत चढला आणि तिचा हात घट्ट धरून बसला.