पिंपळाखालची जागा आणि पायाचा पट्टा

आमच्या आठवडे बाजारात सकाळी जो आधी गोणपाट अंथरेल त्याची जागा. टेंपो थांबतात त्याच्या समोरची, पिंपळाखालची जागा वर्षानुवर्षं माझी होती, कारण माझ्याआधी तिथं कुणी पोचतच नसे. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन मी धंदा सुरू केला. आज कर्जतला माझं दुकान आहे, पण खरा धंदा अजून बाजारातच. खोपोलीकडचे कामगार आणि डोंगरातल्या वाड्यांवरच्या बाया पावसाळ्याची बेगमी तिथंच करतात.

ती जागा माझ्या टाचेनं घालवली. सकाळी अंथरुणातून उठून पाय टेकला की टाचेत खिळा घुसायचा. भिंतीला धरून मोरी गाठायची, चार कामं उरकेपर्यंत पाय मोकळा व्हायचा, पण तोवर पहिला टेंपो गेलेला असायचा. अशाच एका सकाळी पोचले, तर पिंपळाखाली माझी धाकटी जाऊ बोंबील मांडून बसलेली. मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती उठली नाही. मी गटाराकडेला बसू लागले आणि गिऱ्हाइकं विचारू लागली, तुम्ही या बाजारात नवीन का?

कर्जतच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंनी टाच दाबून पाहिली. म्हणाल्या, झोपेत पाऊल पुढं झुकतं, तळव्याची शीर आखडते आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ओढली जाते. म्हणून रात्री पाऊल काटकोनात धरणारा पट्टा बांधायचा. पट्टा कसला, गुडघ्याखालपर्यंत येणारा प्लॅस्टिकचा बूटच तो. किती दिवस, मी विचारलं. दोन महिने तरी, त्या म्हणाल्या. मी एक म्हटलं.

"मावशी, यात मी काय कमी करणार?"

त्या कमी करत नाहीत म्हटल्यावर मीच करायचं ठरवलं. जितका आवळून बांधू तितकी शीर लवकर सुटेल, असा माझा अंदाज. ताठ उभं पाऊल पाहून नवरा म्हणाला, "आता झोपेत पण बाजारात उभी राहणार काय गं?" मला हसू आलं नाही. कूस बदलता येईना, बोटांना मुंग्या यायच्या. चिडून पट्टा काढायचे, जावेचा चेहरा डोळ्यांपुढं आला की पुन्हा बांधायचे, आणखी घट्ट. सकाळी टाच होती तशीच, वर पोटरी धरलेली.

पट्टा फसवा आहे म्हणून मी डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेले. त्यांनी बांधून दाखवायला सांगितला. मी बांधला. त्यांनी बंद सैल केले.

"ताणायचं नाही, मावशी. नुसतं आखडू द्यायचं नाही."

मग तसं केलं. उठण्याआधी बसल्या जागी टॉवेलनं पाऊल ओढायचं, खाली चपलेतच पाय घालायचा. रोज सकाळी मी टाचेची परीक्षा घ्यायचे आणि रोज चिडायचे. कधीतरी खिळ्याचा खडा झाला, खड्याची नुसती कसर उरली. त्या आठवड्यात मी पहिला टेंपो गाठला आणि पिंपळाखाली गोणपाट अंथरलं.

जाऊ आली. टोपली उतरवून माझ्या पायांकडं बघत राहिली.

"बरी झाली वाटतं टाच. आक्का, जागा मीच धरून ठेवली होती तुमची. नायतर बांगडीवाला बसला असता."

"मग मी आले त्या दिवशी उठली का नायस?"

"उठणारच होते. तुमी आल्या आल्या आईबाप काढलेत माझे."

खरं असेल, खोटं असेल. इतके दिवस सांगितलं का नाही, हा प्रश्न मला अजून पडतो. ती गटाराकडेला जाऊन बसली. मी तिला थांबवलं नाही.

दुपारी उठायला गेले, तर बसून बसून टाच पुन्हा धरली. रात्रीचा पट्टा अजून सुटलेला नव्हताच. जाऊ लगबगीनं आली आणि तिनं हात पुढं केला.

मी पिंपळाच्या बुंध्याला धरून उठले.