सामान हललं की माणूस हलतो

आमच्या स्टेशनावर रोज दुपारी सव्वादोनला एक गाडी येते आणि तिचे दोन तुकडे होतात. पुढचे पाच डबे बंदराकडे जातात, मागचे चार सीमा ओलांडून डोंगरातल्या शहराकडे. मधे अकरा मिनिटं असतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. परदेशी माणसाला मात्र कुणीही, कितीही वेळा, कुठल्याही भाषेत सांगितलं तरी ते कळत नाही.

त्यांचं तरी काय चुकतं म्हणा. तिकिटावर शहराचं नाव आहे, वेळापत्रकात गाडीपुढे तेच नाव आहे, आपण गाडीत बसलोय, मग उठायचं कशाला? परदेशी माणूस घरी कितीही शहाणा असो, परक्या मुलखात एकदा खिडकीजवळची जागा मिळाली की तो तिला चिकटतो. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं तिकीट हातात धरून बसतो. आमच्याकडची माणसंही काही साधुसंत नाहीत. परका चेहरा दिसला की हमालांचा दर दुप्पट होतो, आणि काही विचारलं तर चार जण चार दिशांना बोटं दाखवतात. घोषणा तीन भाषांत व्हायची. चौकशीच्या खिडकीतून ती मीच करायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या अकरा मिनिटांची खरी मालकीण माझी मावशी होती. निळा कोट, छातीवर ‘मदतनीस’ अशी पट्टी, पायांत नवऱ्याचे जुने बूट. सव्वीस वर्षं तिने तो फलाट तुडवला. मला नोकरीला तिनेच चिकटवलं होतं आणि महिन्यातून एकदा तरी ती ते ऐकवायची. परकी भाषा तिला एकही येत नव्हती, पण आपलीच भाषा मोठ्याने आणि सावकाश बोलली की जगात कुणालाही कळते, असं तिचं ठाम मत होतं. ‘‘ड-बा चु-क-ला!’’ ती ओरडायची. समोरचा गोड हसून तिला तिकीट दाखवायचा.

मग ती दुसऱ्यांदा ओरडत नसे. वरच्या फळीवरून त्याची बॅग उचलायची आणि चालू लागायची.

तो बोंब मारत तिच्यामागे, बायको त्याच्यामागे, पोरं बायकोमागे. सगळी वरात फलाटावरून मागच्या डब्यांकडे. मावशी वळूनही बघत नसे. बरोबर डब्यात शिरून रिकाम्या जागेवर बॅग ठेवायची, दारावरच्या पाटीवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव बोटाने जुळवून दाखवायची, आणि त्याचा चेहरा पडला की खाली उतरायची. कुणी तिचे हात धरायचे, कुणी लाजून खिडकीबाहेर बघायचे. एक म्हातारा तर चक्क रडला होता.

‘‘शब्दाने माणूस हलत नाही गं,’’ ती मला सांगायची. ‘‘सामान हललं की माणूस हलतो.’’ हमालांनी तिचं नाव ‘बॅगचोर’ ठेवलं होतं. तिला ते मनापासून आवडायचं.

मग एका गृहस्थाची तक्रार आली. मावशीने त्याची बॅग उचलली होती, तो मागे धावला होता, बरोबर डब्यात बसला होता, बरोबर शहरात पोचला होता. आणि तिथे पोचून त्याने चार पानी पत्र लिहिलं, की गणवेशातल्या एका बाईने आपलं सामान पळवलं आणि आपण जिवाची पर्वा न करता ते परत मिळवलं. स्टेशनच्या साहेबांनी मला भाषांतराला बोलावलं. मावशी त्यांच्या टेबलासमोर उभी होती.

पत्र ऐकून तिने विचारलं, ‘‘पोचला ना तो नीट?’’

‘‘बाई, प्रश्न तो नाही,’’ साहेब म्हणाले.

साहेब वाईट नव्हते, पण माणसापेक्षा कागदाला जास्त भ्यायचे. नियम असा होता की वर्षभरात दोन तक्रारी सहीनिशी कबूल केल्या, की नोकरी जाते आणि तिच्याबरोबर रेल्वेचं घरही. कबूल केलं नाही तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत पगार बंद. मावशीच्या पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. घरी काका गुडघे धरून बसलेले. साहेबांनी कागद तयारच ठेवला होता. माझी चूक झाली, यापुढे प्रवाशाच्या सामानाला हात लावणार नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मलाही कळत होतं. तरी मीच म्हणाले, ‘‘मावशी, कर सही. एकाने काही होत नाही.’’ तिने सही केली. आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

त्यानंतर ती दोन्ही हात पाठीमागे बांधून फलाटावर फिरायची आणि नुसती ओरडायची. बहुतेकांना शेजारचा प्रवासी समजावून सांगे. काही तरुण पोरं चुकीच्या गावी जाऊन दुसऱ्या दिवशी हसत परत आली. हमाल तिला चिडवायचे, ‘‘काय मावशी, धंदा बंद?’’

सहा आठवड्यांनी ती म्हातारी आली. एकटी, काटकुळी, मांडीवर सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. तिकीट डोंगरातल्या शहराचं, बसलेली बंदराच्या डब्यात. माझ्या खिडकीसमोरच तो डबा होता. मी दोनदा घोषणा केली. मावशी आत जाऊन ओरडली. म्हातारीने हसून तिकीट दाखवलं आणि पिशवीतून एक लिमलेटची गोळी काढून तिच्यापुढे धरली. मावशीचा हात खोक्याकडे गेला, मधेच थांबला, आणि पुन्हा पाठीमागे गेला. समजावून सांगायला शेजारी कुणी आहे का, ते तिने बघितलं. डब्यात दुसरं कुणी नव्हतं. मग ती माझ्या खिडकीकडे धावत आली, मी रांग सोडून बाहेर पडले, तोवर शिट्टी झाली.

गाडी हलली. म्हातारीला वाटलं आम्ही निरोप द्यायला आलो आहोत. तिने आनंदाने हात हलवला.

मी लगेच पुढच्या स्टेशनला फोन लावला, पण ते दोन तासांवर होतं आणि परतीची गाडी सकाळपर्यंत नव्हती. घरी जाताना मी मावशीला म्हणाले, ‘‘जाऊ दे. निदान नोकरी तरी वाचली.’’

‘‘हो, माझी वाचली,’’ ती म्हणाली.

महिन्याभराने दुसरं पत्र आलं. पुन्हा साहेबांची खोली, पुन्हा मी भाषांतराला. पत्र जेमतेम आठ ओळींचं होतं. म्हातारी आजारी भावाला भेटायला निघाली होती. ती पोचली तेव्हा त्याला पुरून झालं होतं. पुढे लिहिलं होतं, ‘मी परकी होते, मला कळलं नाही, हा माझा दोष. पण निळ्या कोटातल्या बाईला कळलं होतं. माझ्या खोक्याकडे हात नेऊन ती थांबली. ती का थांबली, एवढंच मला कळवा.’

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. ‘‘काळजी करू नका, बाई. तुम्ही नियमानेच वागलात. मी तसं उत्तर पाठवतो आणि फाईल बंद करतो.’’

‘‘सही कुठे करायची?’’ मावशीने विचारलं.

‘‘सहीची गरजच नाही.’’

‘‘पहिली तक्रार खोटी होती. तिच्यावर तुम्ही माझी सही घेतलीत. ही खरी आहे, आणि हिच्यावर नको म्हणता?’’

‘‘अहो, दुसरी सही झाली तर नोकरी जाईल तुमची!’’

‘‘ठाऊक आहे मला.’’

मी तिचा दंड धरला. ‘‘मावशी, काकांचा तरी विचार कर. घर सोडावं लागेल.’’

‘‘म्हातारीची गाडी गेली त्या रात्रीच त्यांना विचारून ठेवलंय,’’ ती म्हणाली. ‘‘ती बाई काहीतरी विचारतेय ना? मग तिला उत्तर नको का द्यायला? नियम काय म्हणतो ते तिने कुठे विचारलंय? घे, लिही तिच्या भाषेत. एकच ओळ लिही. मी घाबरले, म्हणून थांबले.’’

मी ती ओळ लिहिली, पुन्हा तपासली आणि कागद मावशीपुढे सरकवला. तिने खाली सही केली.